‘वापरून झालेलं’ म्हणजे नेमकं काय? लगद्याचा घाणा, वाफ आणि काळं द्रावण



मागच्या व्याख्यानात आपण ‘कार्यक्षमता’ या शब्दावर बोललो. त्यानंतर एका श्रोत्यांनी विचारलं, “सर, हे सगळं हवेतलं झालं. एखादा कारखाना घेऊन दाखवा ना.” प्रश्न रास्त होता. म्हणून आज कागदाच्या लगद्याचा कारखाना घेतोय. त्यातही एकच भांडं. आणि त्या भांड्याभोवती वापरले जाणारे दोन शब्द तपासायचे आहेत. एक ‘वापरून झालेलं’, इंग्रजीत ज्याला ‘स्पेन्ट’ म्हणतात ते. दुसरा ‘रिकव्हरी’, म्हणजे पुनर्प्राप्ती. हे दोन्ही शब्द वरून निरुपद्रवी दिसतात, पण ते पुष्कळ काही झाकून ठेवतात, असं माझं म्हणणं आहे. मी इंजिनिअर नाही. पण शब्द तपासणं हे तत्त्वज्ञानाच्या माणसाचं कामच आहे.

आधी भांडं समजून घेऊ. लाकूड म्हणजे ढोबळमानानं सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं लिग्निन. कागदाला तंतू हवेत, लिग्निन नको. मग लाकडाच्या चिप्स करायच्या, उंच उभ्या डायजेस्टरमध्ये भरायच्या, त्यावर कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांचं द्रावण सोडायचं आणि दाबाखाली 165-170 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून शिजवायचं. या ताज्या द्रावणाला व्हाइट लिकर म्हणतात. (लिकर म्हणजे ती लिकर नव्हे, उगाच कुणी आशा ठेवू नका.) शिजून झाल्यावर लिग्निन विरघळून द्रावण काळंकुट्ट होतं. ते ब्लॅक लिकर. लाकडाचं वजन जेवढं, त्याच्या निम्म्याच्या आसपास लगदा मिळतो. उरलेलं लाकूड त्या काळ्या द्रावणात असतं.

हे शिजवणं दोन प्रकारे होतं. एक अखंड पद्धत, वरून चिप्स जात राहतात आणि खालून लगदा निघत राहतो. दुसरी बॅच पद्धत. मराठीत बॅचला सुंदर शब्द आहे, घाणा. पुऱ्यांचा घाणा, गुळाचा घाणा. एक भरला, शिजवला, काढला, मग पुढचा. आजचा विषय हा घाणाच.

जुन्या पद्धतीत घाणा शिजला की तळाचा व्हॉल्व्ह उघडायचा. आतला दाब सगळा माल ढकलत ब्लो टँकमध्ये नेऊन टाकतो. याला ‘ब्लो’ म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका गिरणीत मी हे पाहिलं. आवाज पायातून वर येतो. शेजारी उभे असलेले ऑपरेटर म्हणाले, “सर, घरचा कुकर शिट्टी देतो ना, तसंच. फक्त आमची शिट्टी पंधरा-वीस मिनिटं चालते.” उपमा अगदी चपखल होती. 170 अंशांचं द्रावण एकदम साध्या हवेच्या दाबाला आलं, की ते द्रावण म्हणून त्या तापमानाला राहूच शकत नाही. त्यातला काही भाग वाफ होऊन उडतो आणि उरलेलं 100 अंशांच्या आसपास येतं. किती उडतो? साधं गणित आहे. सत्तर अंशांची घसरण, किलोमागे अंशाला सुमारे चार किलोज्यूल, म्हणजे 280. एक किलो पाण्याची वाफ करायला लागतात सुमारे 2,200. भागाकार केला तर साधारण आठवा हिस्सा. एक टन लगद्यामागे भांड्यात आठ-नऊ टन द्रव असतो, म्हणजे प्रत्येक टनाला एक टनाच्या आसपास वाफ काही मिनिटांत बाहेर पडते.

ही वाफ सोडून द्यायची का? नाही. तिच्यावर पाण्याचा मारा करायचा, ती थंड करायची, मोठ्या टाकीत गरम पाणी साठवायचं आणि हीट एक्स्चेंजरमधून ती उष्णता लगदा धुण्याच्या पाण्याला द्यायची. पाठ्यपुस्तकात याला ‘ब्लो हीट रिकव्हरी’ म्हणतात. ताळेबंद मांडला तर उष्णता बरीचशी परत मिळालेली दिसते.

माझी पहिली टीका इथे आहे. मिळाली म्हणजे काय मिळालं?

1824 मध्ये सादी कार्नो नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच इंजिनिअरनं एक छोटं पुस्तक लिहिलं. उष्णतेपासून काम काढायचं तर ती वरच्या तापमानावरून खालच्या तापमानावर उतरावी लागते. ती उतरली आणि त्या उतरण्यातून आपण काहीच काढलं नाही, तर तेवढी संधी कायमची गेली, असा त्याच्या विचाराचा गाभा. आता आपल्या भांड्याकडे बघा. 170 अंशांची उष्णता घेतली आणि 80-85 अंशांचं पाणी करून ठेवलं. किलोज्यूल जवळपास तेवढेच. पण बाहेर 30 अंश आहे असं धरलं, तर 170 अंशांवरच्या उष्णतेतून तत्त्वतः जास्तीत जास्त 32 टक्के काम निघू शकतं, 85 अंशांवरच्या उष्णतेतून 15 टक्के. आकडा तोच राहिला आणि लायकी निम्म्यावर आली. नव्या चिप्स 170 अंशांना न्यायला हे पाणी उपयोगाचं नाही, त्यासाठी पुन्हा बॉयलरची ताजी वाफ लागणार. जी गोष्ट जिथे हरवली तिथे ती परत ठेवता येत नसेल, तर तिला ‘परत मिळाली’ म्हणायचं का? माझ्या मते ही भरपाई आहे, पुनर्प्राप्ती नव्हे. भरपाई वाईट नसते, पण तिला दुसऱ्या नावानं हाक मारू नये.

1980 च्या दशकात स्वीडन, फिनलंड आणि अमेरिकेत या घाण्याची पद्धतच बदलायचे प्रयत्न झाले. त्यांना मिळून ‘डिस्प्लेसमेंट बॅच’ म्हणतात. व्यापारी नावं बरीच आहेत: कोल्ड ब्लो, आर.डी.एच., सुपरबॅच. कल्पना अगदी साधी. दाब सोडायचाच नाही. शिजून झालं की तळातून लगदा धुण्याचं 70-80 अंशांचं पाणी आत ढकलायचं. ते वरचं उकळतं काळं द्रावण पुढे लोटतं. बाहेर पडणारं द्रावण दाबाखालच्या टाक्यांमध्ये जसंच्या तसं गरम साठवायचं. फार गरम एका टाकीत, कोमट दुसऱ्या टाकीत. पुढच्या घाण्याच्या चिप्स भरल्या की आधी कोमट काळं द्रावण, मग गरम काळं द्रावण, मग तापवलेलं व्हाइट लिकर. बहुतेक चढण जुन्या द्रावणाच्या उष्णतेवरच चढून होते. शेवटची दहा-पंधरा अंशं तेवढी ताज्या वाफेची. शिजवण्याची वाफ निम्म्याहून अधिक वाचते. आणि भांड्यातला लगदा 100 अंशांच्या खाली आलेला असल्यामुळे तो पंपानं शांतपणे काढता येतो. शिट्टी नाही.

फरक लक्षात घ्या. जुन्या पद्धतीत आधी घालवायचं आणि मग गोळा करायचं. नव्या पद्धतीत घालवायचंच नाही. सांडलेलं दूध फडक्यानं टिपणं आणि भांडं कलंडू न देणं, या दोन गोष्टी आहेत. माहितीपत्रकांमध्ये दोन्हींना एकच शब्द असतो: हीट रिकव्हरी.

आता दुसरा शब्द. ‘वापरून झालेलं’.

आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी ‘अभाव’ या पदार्थाचा फार बारकाईनं विचार केला. त्यांचं एक म्हणणं मला आजही कामाचं वाटतं. नुसता अभाव नसतो. अभाव नेहमी कशाचा तरी असतो, तो त्याचा प्रतियोगी. आणि कशात तरी असतो, तो अनुयोगी. “नाही” म्हणालात की लगेच विचारायचं: काय नाही? कुठे नाही? हे दोन प्रश्न काळ्या द्रावणाला विचारून बघू. ते ‘संपलेलं’ आहे म्हणजे त्यात काय संपलंय?

कॉस्टिक बरंच खर्च झालेलं असतं, पण सगळं नाही. थोडं मुद्दाम उरवावंच लागतं, नाहीतर विरघळलेलं लिग्निन पुन्हा तंतूंवर बसतं. आणि सल्फाइड? ते तर फार थोडंच खर्च होतं. म्हणजे या द्रावणात कॉस्टिकच्या मानानं सल्फाइडचं प्रमाण ताज्या द्रावणापेक्षा जास्त असतं. 1978 मध्ये निल्स हार्टलर या स्वीडिश संशोधकांनी लाकूड अधिक खोलवर आणि तरी तंतू न दुखावता कसं शिजवावं, याची काही तत्त्वं मांडली. कॉस्टिकची तीव्रता सुरुवातीला एकदम जास्त नको, शेवटपर्यंत सारखी हवी. सुरुवातीला सल्फाइड भरपूर हवं. शेवटी द्रावणात विरघळलेलं लिग्निन कमी हवं. यातल्या पहिल्या दोन गरजा बघा. सुरुवातीला कॉस्टिक मंद आणि सल्फाइड भरपूर, असं द्रावण कुठे मिळेल? मागच्या घाण्यात! ज्याला ‘संपलेलं’ म्हणत होते तेच नव्या घाण्याच्या सुरुवातीला ताज्यापेक्षा चांगलं ठरतं. उष्णता वाचवायला म्हणून जुनं द्रावण आत घेतलं, आणि लगदा अधिक बळकट मिळाला. थंड करून पंपानं काढल्यामुळे तंतूंना गरम ब्लोचा मारही बसत नाही, हा आणखी एक फायदा.

घरात उदाहरण हवं तर विरजण घ्या. कालच्या दह्यातलं चमचाभर राखून ठेवतो तेव्हा ते ‘उरलेलं दही’ नसतं, उद्याच्या दह्याची सुरुवात असते. वस्तू तीच, नाव बदललं, कारण आपण बघण्याची जागा बदलली.

पण दृष्टांत कुठे तुटतो तेही सांगायला हवं. विरजणातले जिवाणू वाढतात, द्रावणातलं रसायन वाढत नाही. जे वाढतं ते भलतंच. लाकडातलं कॅल्शियम विरघळून द्रावणात येतं, आणि वरच्या तापमानाला कार्बोनेट होऊन हीटरच्या नळ्यांत खपली धरतं. बांबूमध्ये आणखी एक गोष्ट असते, सिलिका. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरची कागद गिरणी 1945 ची. विदर्भातल्या बांबूवर कागद करण्याची परंपरा तिथली. बांबूच्या काळ्या द्रावणातली सिलिका बाष्पीभवनाच्या यंत्रणेत चिकटते, चुन्याच्या गाळात शिरते, आणि तो गाळ पुन्हा भाजून चुना करणं अवघड करून ठेवते. जो परत फिरवतो त्याच्याकडे चांगलं तेवढंच परत येत नाही, सगळंच येतं. चक्र जितकं घट्ट, तितकी आत अडकलेली घाण जास्त. ‘झिरो लॉस’ असं अभिमानानं सांगणाऱ्यांना विचारायला हवं, तुमची सिलिका कुठे जाते?

आणखी एक किंमत आहे. जुना घाणा स्वतंत्र होता. एक भांडं बिघडलं तर ते एकच बिघडलं. नव्या पद्धतीत प्रत्येक घाणा आधीच्याचं देणं घेऊन जन्माला येतो आणि पुढच्यासाठी ठेवून जातो. एक भांडं दोन तास अडकलं की टाक्यांमधलं तापमान आणि पातळी यांचं सगळं वेळापत्रक बिघडतं. दाबाच्या टाक्या, पंप, व्हॉल्व्ह, नियंत्रण या सगळ्याला भांडवल लागतं. त्यामुळे अमुक टक्के वाफ वाचते हा आकडा खरा असला तरी अपुरा असतो. तो एका भांड्याभोवती कुंपण घालून काढलेला असतो.

कुंपण थोडं मोठं करून बघू. जुन्या ब्लोमध्ये जी एक टन वाफ उडत होती, ती द्रावणातलं पाणी कमी करत होती. आता ते पाणी द्रावणातच राहतं आणि बाष्पीभवनाच्या यंत्रणेला उडवावं लागतं. मग बचत कुठे गेली, असा आक्षेप काही जण घेतात. त्यावर माझं उत्तर असं: आक्षेप खरा आहे, पण लहान आहे. बाष्पीभवनाच्या यंत्रणेत एका टप्प्याची वाफ पुढच्या टप्प्याला तापवते. पाच टप्पे असतील तर एक टन पाणी उडवायला ढोबळमानानं दोनशे-अडीचशे किलो वाफ पुरते. म्हणजे निव्वळ फायदा उरतोच. टीका करायची तर आकड्यात करावी, नाहीतर ती नुसती कुरकुर होते.

कुंपण आणखी मोठं करू, म्हणजे काळ्या द्रावणाचा पुढचा प्रवास दिसेल. ते आटवून घट्ट करतात, 65 ते 80 टक्के घन पदार्थ होईपर्यंत, आणि रिकव्हरी बॉयलरमध्ये फवारून जाळतात. विरघळलेलं लाकूड जळून वाफ देतं. रसायनं वितळून तळाशी साचतात. ती पाण्यात विरघळवून चुन्यानं प्रक्रिया केली की पुन्हा व्हाइट लिकर. गुऱ्हाळात चिपाडंच चुलवाणात जातात आणि त्यांच्यावर त्याच उसाचा रस आटतो, तसंच हे. फरक एवढाच की इथे राखेतून मीठमसालाही परत मिळतो.

आणि या पद्धतीचा जन्मच मुळी नुकसानीतून झालाय. 1879 मध्ये डान्झिगला कार्ल दाल नावाचे रसायनज्ञ घटलेल्या सोड्याची भर महागड्या सोडा अ‍ॅशऐवजी स्वस्त सोडियम सल्फेटनं करायला गेले. भट्टीत त्या सल्फेटचं सल्फाइड झालं, आणि सल्फाइडमुळे लाकूड लवकर आणि चांगलं शिजतं हे कळलं. आजही या पद्धतीला ‘सल्फेट प्रक्रिया’ म्हणतात, जरी सल्फेट स्वतः काही शिजवत नाही. जे गेलं त्याची भर घालणाऱ्या पदार्थाचं नाव सगळ्या प्रक्रियेला मिळालं! 1930 च्या दशकात कॅनडात टॉमलिन्सन यांनी आधुनिक रिकव्हरी बॉयलर आणला, आणि तेव्हापासून काळं द्रावण न जाळणारी मोठी सल्फेट गिरणी पैशाच्या हिशेबानं उभीच राहू शकत नाही.

हे ध्यानात ठेवून 2009 सालची गोष्ट ऐका. अमेरिकेत 2005 च्या एका कायद्यानं पर्यायी इंधन खनिज इंधनात मिसळणाऱ्याला गॅलनमागे 50 सेंटची करसवलत दिली होती. हेतू असा की वाहनांमधलं खनिज तेल कमी व्हावं. पुढे ती सवलत इतर वापरालाही लागू झाली. कागद कंपन्यांच्या लक्षात आलं की काळं द्रावण हे ‘पर्यायी इंधन’ ठरतं. अट एकच, त्यात खनिज इंधन मिसळलेलं हवं. मग त्यांनी काय केलं? जे द्रावण दशकानुदशकं तसंच जाळत होते, त्यात थोडंसं डिझेल घातलं! कायदा तेल कमी करण्यासाठी होता, आणि त्यानं जिथे तेल नव्हतं तिथे ते ओतायला लावलं. एकट्या एका बड्या कंपनीला त्या वर्षी दोन अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. 2009 च्या अखेरीस ही सवलत संपली. शेजारच्या कॅनडानं आपल्या गिरण्यांसाठी त्याच वर्षी एक अब्ज कॅनेडियन डॉलरची योजना केली. तिथेही पैसे काळ्या द्रावणाच्या लिटरवरच मोजले, पण ते ऊर्जा आणि पर्यावरणाच्या सुधारणांवरच खर्च करायचे, असं बंधन घातलं.

अमेरिकेतल्या कंपन्यांनी कायदा मोडला नाही, हे स्पष्ट सांगतो. माझी तक्रार शब्दाशी आहे. ‘टाकाऊतून ऊर्जा’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे आधी वाया जात होतं आणि आता वाचलं. प्रतियोगीचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. काय वाया जात होतं? काहीच नाही. जी हानी होतच नव्हती तिच्या पुनर्प्राप्तीसाठी सरकारी तिजोरीतून पैसे गेले. शब्द तपासणं ही प्राध्यापकांची चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

तर माझं म्हणणं थोडक्यात. कुणीही ‘पुनर्प्राप्ती’ म्हणालं की तीन प्रश्न विचारा. काय हरवलं होतं? ते त्याच लायकीनं परत आलं, की खालच्या पायरीवर? आणि हिशेबाचं कुंपण कुठे घातलंय, त्याच्या बाहेर काय टाकलंय? डिस्प्लेसमेंटचा घाणा पहिल्या दोन प्रश्नांना चांगलं उत्तर देतो, म्हणून मला तो आवडतो. तिसऱ्या प्रश्नावर त्यालाही थोडं अडखळावं लागतं. अडखळू द्यावं. तिथेच पुढची सुधारणा असते.

एक-दोन प्रश्न घेतो.

(श्रोत्यांमधून प्रश्न: “सर, मग ज्यांच्याकडे जुनी ब्लोची पद्धत आहे त्यांनी ती लगेच बदलावी असं तुमचं म्हणणं आहे का?”)

नाही. गिरणीचा रिकव्हरी बॉयलर आधीच गरजेपेक्षा जास्त वाफ देत असेल आणि ती वीज करायला वापरायची सोय नसेल, तर वाचवलेली वाफ आकाशातच जाईल. आधी वाचलेल्या वाफेला काम आहे का ते बघा. नसेल तर बचत फक्त कागदावर राहते. आणि कागद तर तिथे भरपूर असतो!

(प्रश्न: “म्हणजे काहीच पूर्ण वाया जात नाही, असं म्हणायचं का?”)

असं म्हटलं तर मी टीका केलेल्या माहितीपत्रकाच्याच ओळीत जाऊन बसेन. वाया जातं. उतरलेलं तापमान वाया जातं, दुखावलेला तंतू वाया जातो. फक्त काय गेलं त्याचं नाव घ्या. नाव न घेता हळहळू नका, आणि नाव न घेता पाठही थोपटून घेऊ नका.

आज इथेच थांबतो. नमस्कार.